ब्युटाडाइनच्या कारखान्यातील अनुभव आणि नोंद

कृत्रिम रबर आणि त्याच्या जातकुळीतील प्लास्टिके ज्या मोजक्या मूळ द्रव्यांपासून बनतात त्यांत ब्युटाडाइनला अग्रस्थान आहे. जगात दरवर्षी त्याचे एक कोटी टनांहून अधिक उत्पादन होते. त्यातील सर्वांत मोठा वाटा वाहनांच्या टायरांत जातो आणि उरलेल्यातून हेल्मेटच्या कवचाचे टणक प्लास्टिक, नायट्राइलचे हातमोजे, गुळगुळीत कागदावरच्या लेपातील चिकट द्रव्य, नायलॉनचा एक कच्चा माल अशा परस्परांशी काहीच संबंध नसावा अशा भासणाऱ्या वस्तू निघतात. इतके असूनही कारखान्याच्या कुंपणाबाहेर हा पदार्थ कोणाला भेटत नाही, कारण बाजारात येते ते त्याचे रूपांतर. मूळ ब्युटाडाइनशी ज्यांचा संबंध येतो ती माणसे म्हणजे प्रक्रियाचालक, नमुने घेणारे आणि तपासणारे रसायनज्ञ, झडपा व पंप उघडणारे फिटर, टँकरचालक आणि वार्षिक बंदच्या काळात उपकरणांच्या पोटात शिरून सफाई करणारे ठेकेदाराचे कामगार. या माणसांचा अनुभव ज्या पद्धतीने साठतो ती पद्धत इतर धंद्यांहून निराळी आहे. लोहाराला लोखंडाचा रंग पाहून घण केव्हा घालायचा हे कळते, कारण त्याचा अनुभव डोळ्यांत आणि मनगटात मुरलेला असतो. ब्युटाडाइनच्या कामात मात्र डोळे, नाक आणि हात यांची साक्ष पुरेशी ठरत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या कामातून जे शहाणपण येते ते बव्हंशी नोंदवहीच्या पानांवर उतरते, किंवा उतरायचे राहून जाते.

याचे कारण त्या पदार्थाच्या घडणीत आहे. ब्युटाडाइनच्या रेणूत चार कार्बन आणि सहा हायड्रोजन अणू असतात आणि कार्बनांमधील दोन बंध दुहेरी असतात. या दुहेरी बंधांमुळे एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जाऊन लांब साखळी बनण्याची ओढ त्यात असते. या जोडणीला बहुवारिकीकरण म्हणतात, आणि रबर म्हणजे अशा साखळ्यांचाच गुंता असल्याने ही ओढ हेच त्याचे औद्योगिक मूल्य आहे. सामान्य तापमानाला हा रंगहीन वायू असतो, उणे ४.४ अंश सेल्सिअसला तो उकळत असल्याने दाबाखाली त्याचा द्रव सहज होतो आणि तो मोठ्या पोलादी गोलांत साठवला जातो. वीस अंशांना या गोलातील दाब साधारण अडीच वातावरणांचा असतो, तर उन्हाळ्याच्या चाळीस अंशांत तो चारच्या वर चढतो. म्हणून मे महिन्यात गोलांवर पाण्याचे फवारे सोडणे आणि दाबमापकाकडे नेहमीपेक्षा अधिक वेळा पाहणे हा पाळीच्या कामाचा भाग असतो. वायू हवेच्या जवळपास दुप्पट जड असल्याने गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, गटारांत आणि केबलच्या चरांत उतरतो. त्याचे प्रमाण हवेत दोन ते बारा टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. द्रव अंगावर उडाला तर तो क्षणात उडून जातो आणि जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे झालेली जखम थंडीने झालेली असली तरी भाजल्यासारखीच दिसते.

वासाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्युटाडाइनला पेट्रोलच्या जवळ जाणारा, सौम्य आणि काहींना बरा वाटणारा वास असतो, आणि हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे दीड-दोन भाग झाले म्हणजे तो बहुतेकांना जाणवू लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९९६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा दशलक्षात एक भाग आणि पंधरा मिनिटांच्या अल्पकाळासाठी पाच भाग अशी ठरवली. म्हणजे वास येऊ लागतो तेव्हा पाळीची सरासरी मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. शिवाय नाक काही वेळाने त्या वासाला सरावते, आणि जुना कामगार ज्याला सवय म्हणतो ती या बाबतीत संरक्षण नसून उणीव ठरते. १९९६ पूर्वीची मर्यादा किती होती हे ऐकले तर आजच्या वाचकाला छपाईची चूक वाटेल: ती दशलक्षात एक हजार भाग होती. ज्यांनी त्या जुन्या काळात या कारखान्यांत पाळ्या केल्या त्यांच्या दृष्टीने वास येणे ही धोक्याची खूण नव्हतीच, कामाच्या जागेचा तो एक गुणधर्म होता.

नमुना घेण्याचे काम या बदलाची सर्वांत स्पष्ट साक्ष देते. ब्युटाडाइन किती शुद्ध आहे, त्यात ॲसिटिलीनवर्गीय अशुद्धी किती उरल्या आहेत, प्रतिरोधक द्रव्य पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी ठरावीक अंतराने वाहिनीतून नमुना काढावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना झडपा असलेले लहान पोलादी नळकांडे वापरले जाते. जुन्या रीतीत हे नळकांडे जोडून, आतला आधीचा वायू बाहेर जावा म्हणून थोडे द्रव्य उघड्या हवेत सोडून, मग झडप बंद केली जाई. नमुना घेणारा माणूस त्या सुटलेल्या वायूच्या अगदी समोर उभा असे. नंतर नमुन्याचा प्रवाह पुन्हा वाहिनीतच परत नेणारी बंद मांडणी आली. प्रयोगशाळेत वायुवर्णलेखन यंत्राला, म्हणजे मिश्रणातील घटक एका लांब नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढून मोजणाऱ्या यंत्राला, नमुना दिल्यावर उरलेले द्रव्य कुठे सोडायचे हाही प्रश्न असतोच, आणि तो शोषक पंख्याखाली सोडण्याची शिस्त सर्वत्र एकाच वेळी आली नाही. पांढरा कोट घातलेल्या माणसाचे काम स्वच्छ असते असा समज कारखान्यात असतो. पुढे दिसेल त्याप्रमाणे आकडेवारीने तो खोटा ठरवला आहे.

आज ब्युटाडाइन मुख्यतः नाफ्ता फोडण्याच्या संयंत्रातून मिळते. नाफ्ता वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवला की इथिलीन आणि प्रॉपिलीन यांच्या सोबत चार कार्बनांच्या संयुगांचा एक प्रवाह निघतो. त्यातील घटकांचे उत्कलनबिंदू इतके जवळजवळ असतात की साध्या ऊर्ध्वपातनाने ब्युटाडाइन वेगळे होत नाही, म्हणून ब्युटाडाइनला धरून ठेवणारे एखादे विद्रावक मनोऱ्यात वरून सोडतात आणि मग ते गरम करून त्यातून शुद्ध वायू सोडवून घेतात. भारतात मात्र सुरुवात नाफ्त्याने झाली नाही. मुंबईच्या किलाचंद उद्योगसमूहाने बरेलीजवळ उभारलेल्या सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कारखान्यात १९६० च्या दशकात उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कातून ब्युटाडाइन तयार होई, आणि मद्यार्क कारखान्यात येत असल्याने त्यावर राज्याच्या अबकारी खात्याचा अधिकार चालतो की नाही हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेला. त्या खंडपीठाचा निर्णय २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने फिरवला, तोवर कारखान्याचे रबर इतिहासजमा झालेले होते. एका वायूच्या निमित्ताने उभा राहिलेला हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, आणि त्यातील बहुतेकांना तिथे नेमके काय तयार होत होते हे ठाऊक नसते. पुढे वडोदरा, हजिरा आणि पानिपत येथील नाफ्ता संयंत्रांनी हे स्थान घेतले. महाराष्ट्रात तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत कृत्रिम लॅटेक्स तयार करणाऱ्यांना लागणारे ब्युटाडाइन दाबपात्रे बसवलेल्या टँकरांतून रस्त्याने येते; अशा टँकरांच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. टँकरवरच्या नारिंगी पाटीवरील १०१० हा आंतरराष्ट्रीय क्रमांक घाटात मागून येणाऱ्या वाहनचालकांपैकी फार थोड्यांना वाचता येतो.

या कामातला खरा कसोटीचा भाग साठवणीचा आणि शुद्धीकरणाचा आहे, कारण रबर होण्याची क्रिया ब्युटाडाइनमध्ये केवळ नियंत्रित पात्रातच होते असे नाही. ती वाहिनीत, झडपेच्या टोपणाखाली, दाबमापकाच्या नळीत, कुठेही होते. हवेतला प्राणवायू अल्प प्रमाणात जरी आत राहिला तरी त्याच्याशी संयोग होऊन पेरॉक्साइडे बनतात, आणि पेरॉक्साइडे व गंज यांच्या आधाराने एक विचित्र बहुवारिक वाढू लागते. ते पांढरे, टणक आणि फुललेल्या मक्याच्या लाह्यांसारखे दिसत असल्याने जगभरचे कामगार त्याला पॉपकॉर्न म्हणतात. एकदा त्याचा कण तयार झाला की तो स्वतःच पुढच्या वाढीचे बी ठरतो. जितके अधिक साचते तितक्या अधिक वेगाने ते वाढते, आणि बंदिस्त जागेत वाढताना ते आतून असा रेटा देते की जाड पोलादी वाहिनी फाटते. त्याला आळा घालण्यासाठी उपकरणे सुरू करण्यापूर्वी सोडियम नायट्राइटच्या द्रावणाने धुतात, वायूच्या जागेतील प्राणवायूचे प्रमाण सतत मोजतात आणि द्रवात तृतीयक ब्युटिल कॅटेकॉल हे प्रतिरोधक द्रव्य, ज्याला कारखान्यात टीबीसी म्हणतात, दशलक्षात शंभर भागांच्या आसपास मिसळतात. परंतु टीबीसी सहजासहजी वाफेत जात नाही. त्यामुळे वाफ वर जाऊन एखाद्या थंड कोपऱ्यात पुन्हा द्रव झाली तर त्या द्रवाला कोणतेच संरक्षण नसते.

येथेच या कामातील अनुभवाचे स्वरूप उलटे होते. इतर कारखान्यांत जे फिरते, तापते, आवाज करते त्याकडे लक्ष द्यायचे असते. ब्युटाडाइनच्या विभागात जे चालू आहे ते तुलनेने निर्धोक असते आणि जिथे काहीच हालत नाही तिथे लक्ष द्यावे लागते. एका टोकाला बंद असलेला आणि प्रवाह न मिळणारा वाहिनीचा तुकडा, म्हणजे कारखान्याच्या बोलीतला डेड लेग, हा सर्वांत संशयास्पद. तो मूळ आराखड्यात असतोच असे नाही. दोन पंपांपैकी एक दुरुस्तीला गेला की त्याच्याकडे जाणारी वाहिनी त्या दिवसापासून डेड लेग होते, आणि बाहेरून ती कालच्यासारखीच दिसते. टेक्सासमधील पोर्ट नेचेस येथील टीपीसी कंपनीच्या कारखान्यात २७ नोव्हेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर झालेला स्फोट याच मार्गाने आला. शुद्धीकरणाच्या मनोऱ्याचा एक पंप ११४ दिवस बंद होता, त्याच्या वाहिनीत पॉपकॉर्न वाढत गेले, वाहिनी फुटली, मनोऱ्यातील ब्युटाडाइन एका मिनिटाच्या आत बाहेर पडले आणि त्याच्या ढगाने पेट घेतला. आग महिनाभराहून अधिक काळ धुमसली आणि आसपासच्या हजारो लोकांना थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर घरे सोडावी लागली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात डेड लेग ओळखण्याच्या आणि हाताळण्याच्या व्यवस्थेवर बोट ठेवले. ११४ दिवसांत त्या पंपाजवळून किती पाळ्यांची माणसे गेली असतील याचा हिशेब वाचकाने करावा. तीन पाळ्या धरल्या तर तीनशेहून अधिक वेळा कोणी ना कोणी तिथे कामावर होते, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांना दिसेल असे तिथे काही नव्हते.

म्हणून पाळीबदलाच्या वेळची दहा-पंधरा मिनिटे या धंद्यात फार मोलाची ठरतात. जाणारा चालक येणाऱ्याला तोंडी सांगतो आणि नोंदवहीत लिहितो, आणि या दोहोंत नेहमी अंतर पडते. तोंडी सांगण्यात ‘ब पंप अजून मेकॅनिकलकडेच आहे’ असे एक वाक्य असते. पहिल्या दिवशी ती बातमी असते, आठव्या दिवशी ती सवय होते आणि महिनाभराने ते वाक्य बोलले जात नाही. नोंदवहीही त्याच वाटेने जाते, कारण ‘स्थिती पूर्ववत’ हे दोन शब्द लिहायला सोपे असतात. अनुभवी पाळीप्रमुख कोण, तर जो या दोन शब्दांवर समाधान मानत नाही, बंद पंपाची तारीख पुन्हा लिहायला लावतो आणि ठरलेल्या दिवशी वाहिनीतून प्रवाह फिरवून घेतो किंवा ती रिकामी करून दोन्ही टोकांना आंधळी चकती घालून घेतो. असा माणूस सहकाऱ्यांत फारसा लोकप्रिय नसतो. त्याच्या पाळीत काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय वार्षिक मूल्यमापनाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

उपकरण उघडण्याची वेळ आली की सावधगिरीचे रूप बदलते. आतला वायू नायट्रोजनने हुसकून लावला, मोजमापे घेतली, परवाना निघाला तरी आत साचलेल्या पॉपकॉर्नमध्ये पेरॉक्साइडे अडकलेली असू शकतात आणि हवा लागताच ते आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे ते पाण्याने भिजवत ठेवून, ठिणगी न पाडणाऱ्या अवजारांनी खरवडून काढतात आणि ओल्या स्थितीतच बाहेर नेतात. घाई करणाऱ्याला येथे वाव नाही. रबर बनवण्याचा पुढचा टप्पा त्या मानाने शांत असतो: ब्युटाडाइन आणि स्टायरीन साबणाच्या पाण्यात मिसळून पाच अंश तापमानाला ओळीने लावलेल्या पात्रांतून नेतात, साधारण साठ टक्के रूपांतर झाले की जोडणी थांबवणारे द्रव्य घालतात आणि उरलेले ब्युटाडाइन परत मिळवतात. या परताव्याच्या विभागात पुन्हा तीच वाफ, तेच थंड कोपरे आणि तोच पॉपकॉर्नचा प्रश्न उभा राहतो.

टीबीसीविषयी वेगळे सांगायला हवे. स्फोट टाळणारे हे द्रव्य कातडीला वारंवार लागले तर रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मारते आणि हातांवर, कधी द्रव न लागलेल्या जागीही, पांढरे डाग उठतात. वैद्यकशास्त्राने याची नोंद व्यावसायिक विकार म्हणून केव्हाच केली आहे. मराठी समाजात अशा डागांना कोड म्हणतात आणि त्याचा संबंध लगेच घराण्याशी व मुलींच्या लग्नाशी जोडला जातो. कारखान्याच्या वैद्याने ‘संपर्कजन्य’ असे लिहिलेला कागद येथे औषधापेक्षा उपयोगी पडू शकतो, कारण तो दोष रक्तावरून काढून पिंपावर ठेवतो. ज्याच्याकडे तो कागद नाही त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दिवस काढायचे, एवढेच उरते.

रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत तर एकट्या माणसाचा अनुभव पूर्णपणे मुका असतो. ब्युटाडाइन शरीरात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे इपॉक्साइड या क्रियाशील संयुगात रूपांतर करतात आणि ते पेशींतील डीएनएला जाऊन चिकटते. परिणाम दिसलाच तर तो कित्येक वर्षांनंतर, आणि थोड्यांना. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना दशलक्षात ६२५ आणि १,२५० भाग ब्युटाडाइन असलेल्या हवेत ठेवले होते. दोन वर्षांसाठी आखलेला तो प्रयोग गाठींनी इतके उंदीर मरू लागले की साठ-एकसष्ट आठवड्यांतच थांबवावा लागला. यातील खालची मात्रा त्या काळी कामगारांसाठी कायदेशीर असलेल्या मर्यादेहून कमी होती. उंदीर हे या बाबतीत विशेष नाजूक असल्याने माणसांविषयी पुरावा हवा होता, आणि तो अलाबामा विद्यापीठातील एलिझाबेथ डेल्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडला. अमेरिका व कॅनडातील आठ रबर कारखान्यांत किमान एक वर्ष काम केलेल्या १५,६४९ पुरुषांचा १९४३ ते १९९१ या काळातील मागोवा त्यांनी घेतला. सर्व कारणांनी झालेले मृत्यू सामान्य लोकसंख्येच्या मानाने कमी निघाले, कारण मुळात धडधाकट माणसेच अशा नोकरीत टिकतात; मात्र रक्ताच्या कर्करोगाने ३७ मृत्यू अपेक्षित असताना ४८ झाले होते, आणि ही वाढ विशेषतः बहुवारिकीकरण, देखभालीची अंगमेहनत आणि प्रयोगशाळा या विभागांत जुनी नोकरी केलेल्यांत दिसली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ब्युटाडाइनला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले, त्यामागे या अभ्यासाचा मोठा आधार होता.

अकरा अधिक मृत्यू जवळपास पन्नास वर्षांत आणि आठ कारखान्यांत विखुरलेले असताना कोणत्याही एका कारखान्यातील सर्वांत जुन्या कामगारालाही ते एकत्र दिसणे शक्य नव्हते. ते दिसले ते नोकरीच्या नोंदींतून: कोण कोणत्या तारखेपासून कोणत्या विभागात होता, त्याचे पद काय होते, कधी बदली झाली, ही पगार काढण्यासाठी ठेवलेली नीरस माहिती संशोधकांनी प्रत्येक पदाच्या कामाशी पडताळली आणि त्यावरून कोणाला किती वायू भोगावा लागला असेल याचा अंदाज बांधला. हिशेबनिसाने व्यवस्थित ठेवलेले एक रजिस्टर येथे वैद्याच्या निदानाइतके निर्णायक ठरले, ही गोष्ट औद्योगिक आरोग्याच्या इतिहासात जितकी ठळक व्हायला हवी तितकी झालेली नाही.

भारतात भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात आलेल्या ४१ सी या कलमाने घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी ठेवण्याची आणि त्या कामगाराला पाहू देण्याची जबाबदारी कारखान्याच्या चालकावर टाकली. कायम कामगाराच्या बाबतीत अशी फाइल उघडणे अवघड नाही, कारण तो त्याच फाटकातून वर्षानुवर्षे आत येतो. परंतु उपकरणात उतरून पॉपकॉर्न खरवडणे, फिल्टर उपसणे, वाहिन्या सोडवणे ही कामे, म्हणजे अलाबामाच्या अभ्यासात ज्यांना देखभालीची अंगमेहनत म्हटले आहे नेमकी तीच, आज मोठ्या प्रमाणावर ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. बंदच्या दिवसांत ती एका कारखान्यात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या वसाहतीत, त्यानंतर कदाचित परराज्यात असतात. त्यांच्या नावाचा गेटपास निघतो, आत उतरण्याच्या परवान्यावर वेळ आणि प्राणवायूचे माप लिहिले जाते, उतरणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतला जातो. काम संपले की परवाना सुरक्षा विभागात, गेटपास सुरक्षारक्षकाकडे आणि हजेरी ठेकेदाराकडे राहते, आणि या तीन कागदांवरील नाव एकाच माणसाचे आहे हे जोडून पाहणारे चौथे रजिस्टर ठेवण्याचे काम बहुतेक ठिकाणी कोणाकडेच सोपवलेले नसते.